दारचं सोयाबीन, परसातली कोंबडी

कारंजा तालुक्यातल्या आमच्या कामरगावात दिवाळीच्या सुमारास घरोघरी सोयाबीन येऊन पडलेलं असतं. कुटारात राहिलेले दाणे कोंबड्या दिवसभर उकरतात. एका वर्षी मला वाटलं, इतकी प्रथिनं दारात असताना खाद्याची गोणी विकत का आणायची? अंड्यांचा पैसा हा आईचा स्वतःचा, आणि त्यातला बराचसा त्या गोणीतच जायचा. म्हणून मी कच्चं सोयाबीन भरडून पिल्लांना चारलं. पिल्लं पोटभर खायची, पण वाढेनात. आई म्हणाली, "पाखराले कायले देतं हे?" आणि तिनं पिल्लं उकिरड्यावर सोडून दिली.

चूक कुठे झाली हे मला पुढे वाचनातून कळलं. सोयाबीनमध्ये साधारण ४० टक्के प्रथिनं असतात, ज्वारीत जेमतेम १०. पण कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन या पाचक विकराला बांधून ठेवणारं आणखी एक प्रथिन असतं. ते पोटात गेलं की ट्रिप्सिन निकामी होतं, ते भरून काढायला स्वादुपिंड जास्त राबतं आणि सुजतं. या धडपडीत गंधकयुक्त अमिनो आम्लं खर्ची पडतात, आणि सोयाबीनमध्ये तीच मुळात कमी. म्हणजे पिल्लू खाऊनही तोट्यात. ऑसबॉर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१७ मध्येच दाखवलं होतं, की कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात. कारण मात्र १९४५ मध्ये हाती आलं, कुनिट्झ यांनी हा अडथळा शुद्ध स्फटिकरूपात वेगळा केला तेव्हा.

तेलाच्या कारखान्यात पेंड वाफेवर शेकली जाते, त्यात हा दोष जातो. आपलाच दाणा तेल देऊन, शेकून, गोणीत भरून आपल्याच दारी परत येतो तो असा. शेकण्याचं हे काम चुलीवरही होतं. कढईत वाळू तापवून दाणे हलवत भाजावेत; कच्चट वास जाऊन खमंग सुटला, रंग सोनेरी-तपकिरी झाला की उतरवावेत. काळे करू नयेत, कारण करपलेल्या दाण्यातलं लायसिन वाया जातं.

भाजणं पुरेसं झालं का, हे पाहायची एक युक्ती आहे. सोयाबीनमध्ये युरियाचा अमोनिया करणारं युरीएज नावाचं विकर असतं आणि तेही उष्णतेनं साधारण त्याच सुमारास मरतं. शेतकऱ्याच्या घरी युरिया असतोच. भाजक्या दाण्याचं पीठ, चिमूटभर युरिया आणि थोडं पाणी बरणीत घालून झाकण लावायचं. अर्ध्या तासानं उघडल्यावर नाकात झोंबणारा वास आला तर माल कच्चा आहे. तो नमुना मात्र फेकायचा, कोंबडीपुढे टाकायचा नाही.

हिशेब तोंडी करता येतो. भाजक्या सोयाबीनचा एक भाग आणि ज्वारीचे दोन भाग घेतले की २० टक्के प्रथिनं होतात, ती पिल्लांसाठी. अंड्यावरच्या कोंबडीला एकास चार, म्हणजे १६ टक्के पुरतात. मेथिओनिनची उणीव भरायला त्यात मूठभर तिळाची ढेप घालावी. सरकीची ढेप आपल्याकडे मुबलक, पण ती ढोरांनाच बरी. तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो.

अझोलाचं कौतुक मला थोडं जास्तच वाटतं. किलोभर ओला अझोला बहुतेक पाणीच. वाळवला तर पन्नास-साठ ग्रॅम उरतो, आणि त्यात प्रथिनं पंधरा ग्रॅमच्या आतबाहेर. तेवढी मूठभर सोयाबीनमध्ये मिळतात. हिरवा चारा म्हणून तो चांगला, एवढंच.

आईच्या उकिरड्यात मात्र तथ्य होतं. किड्यांच्या प्रथिनांत ती दुर्मीळ अमिनो आम्लं असतात. मडक्यात ओलं कुटार आणि शेण भरून ते संध्याकाळी उधईच्या बिळावर पालथं घातलं, की सकाळी उधई गोळा झालेली मिळते. ऊन चढायच्या आत ते पिल्लांपुढे झटकावं. मेलेल्या जनावराजवळ पिल्लांना फिरकू देऊ नये. तिथल्या अळ्यांतून बोट्युलिझमचं विष पोटात जातं आणि मान लुळी पडून कोंबडी जाते.