नंदुरबारात नोड चालवायचा तर

बिटकॉइनचा नोड समजून घ्यायला तलाठ्याचे दप्तर आठवावे. मात्र इथे तलाठी एकच नसतो. ज्याला हवे त्याने आजवरच्या सगळ्या व्यवहारांची वही आपल्या संगणकावर ठेवायची आणि प्रत्येक नवी नोंद स्वतः तपासायची. जानेवारी २००९ पासून भरत आलेली ही वही आता ६०० जीबीच्या पुढे गेली आहे.

पहिली धास्ती वाटते ती विजेची, पण ती मायनिंगमुळे, म्हणजे नव्या नोंदींचा गठ्ठा (ब्लॉक) वहीत जोडून बिटकॉइन कमावण्याच्या कामामुळे. अँटमायनर एस-१९सारखे मायनिंगचे यंत्र सव्वातीन हजार वॉट ओढते, म्हणजे दिवसाला ७८ युनिट! नोडला रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक आणि एक टीबीची एसएसडी पुरते. दोन्ही मिळून दहा वॉट धरले, तर महिन्याला सात युनिटांच्या आसपास. युनिटला दहा रुपये धरले तरी ७२ रुपये. वीज अचानक गेली की नोंदी बिघडू शकतात, म्हणून छोटा यूपीएस मात्र हवाच.

खरा खर्च इंटरनेटचा. नंदुरबार किंवा शहाद्यात फायबर असेल, तर वही काही दिवसांत उतरते. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर मोबाइलवरच भिस्त असेल, तर रोजच्या दोन जीबीच्या पॅकमध्ये जुन्या नोंदी उतरवायलाच तीनशेहून अधिक दिवस लागतील, आणि तोवर रोज दोनशेहून अधिक एमबीची भर पडतच राहील. 'प्रून' केलेल्या नोडमध्ये जुन्या नोंदी पुसून डिस्क वाचवता येते, पण एकदा सगळे उतरवून तपासणे त्यालाही चुकत नाही.

एवढे करून मिळते काय? पैसे नाहीत. एप्रिल २०२४ पासून प्रत्येक ब्लॉकमागे मिळणारे ३.१२५ बिटकॉइन मायनरचे. नोडला फक्त स्वतःची खात्री मिळते. मायनिंग करणाऱ्यालाही भारतात यंत्र-विजेचा खर्च करपात्र नफ्यातून वजा करता येत नाही. क्रिप्टोच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे.

ब्लॉकचेनचा, म्हणजे ब्लॉकांची साखळी असलेल्या अशा वहीचा, उपयोग करायला नोड घरी असावाच लागतो, असेही नाही. गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ साली आदिवासींचे जातीचे दाखले 'पॉलिगॉन' या सार्वजनिक साखळीवर नोंदवायचे काम हाती घेतले गेले. अशा साखळीचे नोड जगभरातले इतर लोक चालवत असतात.

स्वतःचे बिटकॉइन असतील आणि दुसऱ्याच्या शब्दावर विसंबायचे नसेल, तर नोड जरूर चालवावा. पण 'नोड घ्या, दरमहा कमवा' म्हणत कोणी पैसे मागितले, तर बिटकॉइनचा नोड चालवणाऱ्याला दमडीही मिळत नाही, एवढे सांगून त्याला दारातूनच परत पाठवावे.