गोलबर्नचे पालक आणि तीन शौचकूप

‘कॅथलिक शाळा’ हे शब्द कानांवर पडले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कॉन्व्हेंट उभे राहते : इंग्रजी माध्यम, कडक इस्त्रीचा गणवेश आणि प्रवेशासाठी दारात ताटकळणारे आईबाप. वसईच्या श्रोत्यांना हे चित्र अपुरे वाटेल, कारण तेथील कॅथलिक समाजाची भाषा मराठी आहे आणि तेथील धर्मग्रामांनी मराठी शाळाही चालविल्या आहेत. परंतु मुंबई-पुण्याकडील मध्यमवर्गाच्या मनात ही शाळा म्हणजे वरच्या माडीवर जाण्याची शिडी, हे नाकारण्यात अर्थ नाही. आज आम्ही ज्या शाळेची हकिगत सांगणार आहो ती अगदी दुसऱ्या टोकाची आहे. ती ऑस्ट्रेलियातील, बहुतांशी आयरिश वंशाच्या कष्टकरी कुटुंबांनी पै पै करून चालविलेली प्राथमिक शाळा. १९६२ च्या जुलै महिन्यात या शाळेत तीन शौचकूप बांधावयाचे की नाही यावरून त्या देशाचे राजकारण हलले.

हा विषय आमच्या धंद्याबाहेरचा आहे असे कोणी म्हणेल. आमचा धंदा कामगार संघटनेचा, आणि आमचे शिक्षण शाळेत थोडे व युनियनच्या कचेरीतील कपाटापुढे अधिक झालेले. तथापि जी माणसे दर आठवड्याला वर्गणी देतात, सुटीच्या दिवशी फुकट राबतात, आणि एके दिवशी सभा भरवून, मते मोजून निर्णय घेतात, त्यांची गोष्ट आम्हांला परकी वाटत नाही.

प्रथम या शाळा निघाल्या कशा ते पाहू. न्यू साउथ वेल्समध्ये १८८० साली सार्वजनिक शिक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्याने धर्मसंस्थांच्या शाळांना मिळणारे सरकारी साहाय्य १८८२ च्या अखेरीस बंद झाले. इतर वसाहतींतही थोड्याफार फरकाने असेच घडले. शाळा सर्वांसाठी, सक्तीची आणि धर्मनिरपेक्ष असावी हा त्यामागील विचार आम्हांला चुकीचा वाटत नाही. पण कॅथलिक बिशपांनी तो मानला नाही. त्यांनी ठरविले की आपल्या मुलांसाठी आपण आपल्याच खर्चाने शाळा चालवू. कॅथलिक समाज तर बहुतांशी गरीब, मग पैसा कोठून यावयाचा? त्याचे उत्तर धर्मभगिनींनी दिले. मेरी मॅकिलॉप यांनी १८६६ मध्ये पेनोला या गावी गरिबांच्या मुलांसाठी अध्यापन करणारा भगिनीसंघ काढला (पुढे २०१० मध्ये त्यांना संतपद मिळाले), आणि आयर्लंडमधून एकामागून एक संघ येत राहिले. गोलबर्नला सिस्टर्स ऑफ मर्सी १८५९ मध्येच येऊन पोचल्या होत्या. या भगिनी पगार घेत नसत. मठाचे पोट भागेल एवढे मिळाले की पुरे. ऐंशी वर्षे ही सारी शाळाव्यवस्था बिनपगारी बायकांच्या श्रमावर उभी राहिली, हे वाक्य इतिहासाच्या पुस्तकांतून बऱ्याचदा त्यागाच्या अलंकारांनी सजवून येते. आम्ही ते साध्या हिशेबाच्या भाषेत सांगत आहो.

उरलेला भार कुटुंबांवर. धर्मग्रामातील चर्च, त्याला लागून मठ आणि शाळा, अशी साधारण रचना असे. मूल फीचे थोडे पैसे घेऊन येई. ज्याला देणे जमत नसे त्याला सहसा परत धाडीत नसत. पण फीने खडू-फळ्याचा खर्च जेमतेम निघे. भिंत, छप्पर, कुंपण, बाक हे सारे दुसऱ्या मार्गाने उभे करावे लागे. शनिवारी सकाळी बाप मंडळी हत्यारे घेऊन शाळेत जमत. कोणी सुतार, कोणी रंगारी, कोणी नळकाम जाणणारा. गोलबर्न हे रेल्वेचे गाव, तेव्हा कारखान्यातील कसबी हातांना तोटा नव्हता. आपण ज्याला श्रमदान म्हणतो तेच हे. दुपारी आयांनी केलेला चहा आणि सँडविच, की पुन्हा काम.

आयांचे काम मात्र शनिवारपुरते नव्हते. मातांचे मंडळ असे, आणि शाळेच्या आवारातील खाऊचे दुकान त्याच चालवीत. पाळीपाळीने येऊन पाव कापणे, मुलांच्या डब्यांच्या पिशव्यांवर नावे पाहून वाटप करणे, नाणी मोजणे, आणि आलेला नफा शाळेच्या खात्यात टाकणे. शिवाय वाचनालयाच्या पुस्तकांना वेष्टणे घालणे, नाटकाचे कपडे शिवणे, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी पांढऱ्या पोशाखातील चिमण्या मुलांना मिस्सेनंतर न्याहारी वाढणे, ही कामे होतीच. वर्षातून एकदा मोठी जत्रा भरे. घरी भाजलेल्या केकचे टेबल, जुन्यापान्या वस्तूंची विक्री, आणि क्रमांक लिहिलेले एक मोठे लाकडी चाक. तिकीट घ्यावे, चाक फिरवावे, आपला क्रमांक लागला तर चॉकलेटचा डबा घरी न्यावा. धर्मशाळेच्या अंगणात हा सौम्य जुगार कसा चालतो असा प्रश्न कडक प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांना पडे, आणि त्या चाकाच्या पैशांतून वर्गाच्या खिडक्यांना काचा बसत.

आता या सगळ्याचा अर्थ काय, यावर थोडे थांबले पाहिजे, कारण शिक्षणशास्त्री ‘पालकांचा सहभाग’ असा एक गुळगुळीत शब्द वापरून पुढे जातात. युनियनच्या कामात आम्ही एक गोष्ट शिकलो. वर्गणी दारोदार जाऊन का गोळा करावयाची? पैसे तर पगारातून कापूनही मिळतील. पण दारावर गेले म्हणजे माणूस भेटतो. त्याच्या घरी आजारी कोण आहे, त्याची पाळी कोणती, तो कोणावर रागावला आहे, हे कळते. खाऊच्या दुकानातील नफा किती यापेक्षा, शेजारी उभे राहून पाव कापणाऱ्या दोन बायका एकमेकींना ओळखू लागल्या याचे मोल अधिक होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मूठफंडाविषयी ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे वेगळे समजावयास नको. रोजच्या दळणातून बाजूला काढलेली ती मूठ धान्याची असे, पण ती काढणाऱ्या बाईची शाळा त्या मुठीने तिची स्वतःची होई.

परंतु नाण्याला दुसरीही बाजू आहे. जो देतो त्याला विचारतो कोण? धर्मगुरू हे शाळेचे व्यवस्थापक, मुख्याध्यापिका मठाची, आणि वरचे निर्णय बिशपांचे. बापाने कुंपण घालावे, आईने केक भाजावा, पण वर्गात साठ-सत्तर मुले कोंबलेली असतील तर त्याविषयी कोणापुढे तोंड उघडावयाचे? दुसऱ्या महायुद्धानंतर तर इटली, माल्टा, पोलंड येथून कॅथलिक कुटुंबांचे लोंढे आले. वर्ग फुगले, काही ठिकाणी संख्या सत्तरच्याही पलीकडे गेली. नव्याने आलेल्या इटालियन आईला मातांच्या मंडळातील इंग्रजी बोलणे कळत नसे. ज्याची रात्रपाळी असेल तो बाप शनिवारच्या श्रमदानाला झोपेतून उठून कसा येणार? मंडळाच्या वहीत त्यांची नावे नाहीत म्हणून त्यांना शाळेची आस्था नव्हती असा अर्थ काढणे म्हणजे हजेरीपटालाच माणूस समजणे होय.

अशा स्थितीत १९६२ साल उजाडले. गोलबर्नच्या अवर लेडी ऑफ मर्सी या प्राथमिक शाळेत आणखी तीन शौचकूप हवेत, त्यावाचून शाळेची मान्यता चालू राहणार नाही, असे राज्य सरकारच्या शिक्षणखात्याने कळविले. मागणी गैरवाजवी होती काय? मुळीच नाही. मुलांच्या आरोग्याचा प्रश्न होता, आणि खाजगी शाळेला आरोग्याचे नियम लागू नयेत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण येथे एक गाठ होती. हे पालक सरकारला कर भरत होते, त्या करातून सरकारी शाळा चालत होत्या, आणि आपली शाळा ते वेगळा पैसा घालून चालवीत होते. सरकार शौचकूप बांधा असा हुकूम देई, पण बांधण्यासाठी एक शिलिंगही देत नसे. शाळेकडे पैसा नव्हता.

जुलैच्या पूर्वार्धात गावातील कॅथलिकांची सभा भरली. सुमारे सातशे माणसे जमली. सहायक बिशप जॉन कलिनेन यांचा पाठिंबा होता. गावातील कॅथलिक शाळा सत्र संपेपर्यंत, म्हणजे सहा आठवडे, बंद ठेवाव्या आणि सर्व मुलांची नावे सरकारी शाळांत घालावी, असा ठराव झाला. बाजूने सुमारे पाचशे मते पडली, विरुद्ध सुमारे एकशेवीस. हे एकशेवीस लोक आम्हांला महत्त्वाचे वाटतात. जेथे एकमताने ठराव होतात तेथे बहुधा कोणी विचारच केलेला नसतो. ज्यांच्या मुलांची यंदा परीक्षा आहे, ज्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांशी जुन्या धर्मभेदाची भांडणे पुन्हा उकरून काढावयाची नाहीत, त्यांनी हात वर करू नये यात नवल ते काय!

शुक्रवार दि. १३ जुलै रोजी शाळांना टाळे लागले. सोमवारी, १६ तारखेला, आयाबाप मुलांना हाताशी धरून सरकारी शाळांच्या दारांत उभे राहिले. गावातील कॅथलिक शाळांत मिळून सुमारे दोन हजार मुले होती. सरकारी शाळांत जागा निघाली ती सुमारे ६४० मुलांसाठी. उरलेल्यांना घरी परतावे लागले. आरडाओरड झाली नाही, दगडफेक झाली नाही.

वर्तमानपत्रांनी याला ‘शाळा-संप’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. आम्हांला ते नाव पटत नाही. संप म्हणजे काम थांबविणे. येथे पालकांनी मुलांना शाळेपासून रोखले नव्हते, उलट कायद्याने ज्या शाळेत जाण्याचा त्यांना हक्क होता त्या शाळेत नेऊन उभे केले होते. ऐंशी वर्षे आपण सरकारचा किती खर्च वाचवीत आलो याचे बिल त्यांनी सरकारपुढे ठेवले, आणि ते आकड्यांत न लिहिता मुलांच्या रांगेत लिहिले. कारखान्यात आम्ही ज्याला ‘नियमाप्रमाणे काम’ म्हणतो त्याच्याशी याचे नाते अधिक जवळचे. नियम मोडावयाचा नाही, तो अक्षरशः पाळावयाचा, आणि मग व्यवस्था कोणाच्या फुकट श्रमावर चालली होती ते आपोआप दिसते.

सहा आठवड्यांचा ठराव एका आठवड्यातच आटोपता घेण्यात आला आणि मुले आपापल्या शाळांत परतली. लगेच पदरात काही पडले नाही. राज्यात त्या वेळी मजूर पक्षाचे सरकार होते, आणि कॅथलिक कामगारांची मते परंपरेने याच पक्षाला पडत आलेली. पण १९५५ मध्ये पक्ष फुटला होता. फुटीचे एक मोठे कारण कामगार संघटनांतील कम्युनिस्ट व कॅथलिक गटांचा झगडा हेच होते, आणि धर्मसंस्थांच्या शाळांना साहाय्य देण्यास पक्षाचा अधिकृत विरोध होता. संधी साधली ती उजव्या बाजूच्या रॉबर्ट मेन्झीस यांनी. १९६३ च्या निवडणुकीत त्यांनी सरकारी व खाजगी, दोन्ही प्रकारच्या माध्यमिक शाळांना विज्ञानाच्या प्रयोगशाळांसाठी पैसा देण्याचे वचन दिले, निवडणूक जिंकली, आणि १९६४ मध्ये तसा कायदा केला. मौज अशी की भांडण प्राथमिक शाळेच्या शौचकूपांचे आणि पैसा आला माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेला! प्राथमिक शाळेतील मुलामागे वार्षिक ३५ डॉलरचे केंद्रीय साहाय्य सुरू झाले ते १९७० पासून. मजूर पक्षाने आपले धोरण १९६६ मध्ये बदलले, आणि १९७३ च्या कार्मेल अहवालानंतर गरजेप्रमाणे साहाय्य हे तत्त्व आले. सरकारी शाळांच्या कैवाऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली, पण १९८१ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने (जे त्या देशाचे सर्वोच्च न्यायालय होय) सहा विरुद्ध एक अशा मताने साहाय्य घटनाबाह्य नाही असा निर्णय दिला. आपल्या राज्यघटनेने अल्पसंख्याकांच्या संस्थांना साहाय्य देताना भेदभाव करू नये हे तिसाव्या कलमात आरंभीच लिहून ठेवले, म्हणून आपल्याकडे हा वाद वेगळ्या वाटेने गेला.

ज्यांचे म्हणणे असे की या पैशाने सरकारी शाळांचा वाटा कमी झाला, त्यांचा युक्तिवाद आजही तेथे चालू आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज त्या देशातील साधारण पाचांतील एक विद्यार्थी कॅथलिक शाळेत शिकतो. धर्मभगिनी वर्गांतून जवळपास दिसेनाशा झाल्या. त्यांच्या जागी पगारी शिक्षक आले, त्यांची संघटनाही आहे, आणि पगाराचा मोठा भाग सरकारी साहाय्यातून निघतो. ही गोष्ट आम्हांला चांगलीच वाटते. फुकट श्रमावर चाललेली शाळा कितीही पवित्र असली तरी ती कोणाच्या तरी पाठीवर चाललेली असते.

मग पालकांचे काय झाले? शाळेचे छप्पर आता त्यांच्या चाकावर अवलंबून नाही. बऱ्याच ठिकाणी पालकांची मंडळे व सल्लागार समित्या आहेत, आणि पूर्वी जे विचारता येत नव्हते ते आता विचारता येते. खाऊची दुकाने आहेत, जत्रा भरतात, श्रमदानही होते, परंतु आई दिवसा नोकरीवर असते, तेव्हा पाव कापावयास हात मिळणे कठीण. काही शाळांनी यावर तोडगा काढला आहे तो असा : वर्षारंभी प्रत्येक कुटुंबाकडून ठरावीक रक्कम घ्यावयाची, आणि श्रमदानाला आल्यास ती परत करावयाची. जो येणार नाही त्याचे पैसे शाळेकडे राहतात. गोलबर्नच्या काळी रात्रपाळीच्या बापाचे नाव वहीत नसे, एवढेच. आता त्याला गैरहजेरीचे मोलही भरावे लागते, जोवर एखादी समजूतदार मुख्याध्यापिका त्याला कुंपणाऐवजी घरी बसून करता येण्याजोगे काही काम नेमून देत नाही.