दूध पचवण्याच्या दोन वाटा

सस्तन प्राण्यांच्या पिलांना आईचे दूध पचते ते लॅक्टेज या विकरामुळे. दुधातल्या लॅक्टोज या साखरेचे विघटन ते लहान आतड्यात करते. अंगावरचे दूध सुटले की त्याची निर्मिती ओसरू लागते. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश माणसांचे असेच होते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते; पोट फुगते, गुडगुडते, कधी जुलाब होतात. वैद्यकाने दीर्घकाळ हा विकार मानला. ते चूकच होते, कारण प्रौढपणीही दूध पचणे हाच खरा अपवाद आहे.

या अपवादाचे मूळ २००२ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांना सापडले. लॅक्टेजच्या जनुकाशेजारी एकाच अक्षराचा बदल झाला, की विकराची निर्मिती आयुष्यभर चालू राहते. उत्तर युरोपात बहुसंख्य लोकांत हा बदल आढळतो. केनिया-टांझानियातल्या पशुपालकांत आणि अरबस्तानात मात्र हेच काम निराळे बदल करतात. गुरे किंवा उंट पाळणाऱ्या समाजांत ही क्षमता स्वतंत्रपणे उपजली, हे उत्क्रांतीचे फार बोलके उदाहरण आहे. भारतात युरोपातलाच बदल दिसतो. त्याचे प्रमाण वायव्येकडे जास्त असून दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे घटत जाते. निलगिरीतले म्हशी पाळणारे तोडा याला ठळक अपवाद.

तरीही दुधाचा इतिहास या जनुकाहून जुना आहे. वायव्य अनातोलियातल्या इ.स.पू. सातव्या सहस्रकातील मातीच्या भांड्यांत दुधाच्या चरबीचे अंश मिळाले आहेत. युरोपात जनुकीय बदल सर्रास झाला तो त्यानंतर काही हजार वर्षांनी. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार, दूध किती वापरले जाई यापेक्षा उपासमार आणि रोगराई यांच्याशी या प्रसाराचा मेळ अधिक बसतो. धडधाकट माणसाला दूध बाधले तर पोट बिघडण्यावर निभावते. उपासमारीने खंगलेल्याच्या मात्र तेच जुलाब जिवावर बेततात.

मधली हजारो वर्षे लोकांनी आंबवण्यावर काढली, आणि ही दुसरी वाट मंगोलियात आजही स्पष्ट दिसते. तिथे दूध पचवणारे जनुक फार थोड्यांत आहे, पण उन्हाळ्यातला आहार मुख्यतः दुग्धजन्यच. घोडीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा लॅक्टोज जास्त असते. ते कातडी पिशवीत घुसळून आंबवतात. त्यातून 'ऐराग' हे आंबूस, सौम्य मादक पेय तयार होते. दह्याचा चक्का वाळवून केलेल्या 'आरूल'च्या टणक वड्या हिवाळ्यासाठी साठवतात. साखरेचा मोठा वाटा जिवाणू आणि यीस्ट आधीच फस्त करतात.

मराठी स्वयंपाकघरातही हेच घडते. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचे लॅक्टिक आम्ल करतात, शिवाय त्यांचे स्वतःचे विकर खाणाऱ्याच्या आतड्यातही काम करते. म्हणून दूध न सोसणाऱ्याला दही बहुधा सोसते. चक्का टांगला की निवळीबरोबर आणखी लॅक्टोज निघून जाते, आणि तुपात तर ते नाममात्रच उरते.