फवारणींत इजा झाल्यास वकील कोठें शोधावा?

इ. स. २०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना शेंकडों शेतकरी व मजूर विषबाधेनें आजारी पडले. वीसांहून अधिक दगावले. हें दुःख आमच्या वाचकांस नवें नाहीं. परंतु ज्या घरांवर तो प्रसंग आला, त्यांना दाद कोणामार्फत मागावी हा प्रश्न पडला, त्याविषयीं येथें थोडें लिहितों.

जिल्ह्याच्या ठिकाणीं वकील पुष्कळ आहेत. पण इजेच्या भरपाईचीच कामें घेणारा अशी पाटी कोठें दिसणार नाहीं. वकिलांनीं स्वतःची जाहिरात करूं नये असा भारतीय विधिज्ञ परिषदेचा नियम आहे. म्हणून चौकशी तोंडोतोंडींच करावी लागते. आपली खोड अशी कीं, वाटणीचा दावा ज्यानें चालविला त्याच्याकडेच सर्व कामें न्यावयाचीं. येथें तें बरें नव्हे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांत ज्याचीं कामें नेहमीं चालतात, तो दवाखान्याचे कागद वाचण्यास व नुकसानीचा आंकडा मांडण्यास सरावलेला असतो. एक दिवस कोर्टांत बसून त्याचें काम ऐकावें. दवाखान्याच्या दारांत गांठणारा मध्यस्थ ज्याच्याकडे नेईल, तो मात्र टाळावा.

"मिळेल त्यांत अमुक हिस्सा माझा," असें कोणी म्हणाल्यास तेथून उठावें. निकालावर अवलंबून फी ठरविणें वकिलास मना आहे. फी आधीं ठरवावी व पावती घ्यावी. जिला ती झेपत नाहीं अशा विधवेनें जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्यान्वयें स्त्रिया व अनुसूचित जातिजमातींचे लोक यांस उत्पन्नाची अट न लावतां वकील विनामूल्य मिळतो.

आतां मुख्य गोष्ट. वकील कितीही हुषार असला तरी पहिल्याच भेटींत तो औषधाचें नांव विचारील. डबा फेंकलेला, माल उधारीवर आणल्यामुळें पावती नाहीं, दवाखान्याच्या कागदावर केवळ 'विषबाधा' एवढाच शब्द! मग तो काय करणार? यवतमाळच्या पोलिसांच्या कागदांत ९६ प्रकरणीं सिंजेंटा कंपनीच्या 'पोलो' या औषधाची नोंद सांपडली. सप्टेंबर २०२० मध्यें ५१ कुटुंबांच्या वतीनें स्वित्झर्लंड सरकारच्या संपर्क-कार्यालयापुढें तक्रार गेली; जून २०२१ मध्यें दोन विधवा व वांचलेला एक शेतकरी यांनीं बासेल येथें भरपाईची मागणी दाखल केली. कंपनीनें आपल्या औषधाचा दोष नाकारला.

म्हणून फवारणी संपेपर्यंत डबा लेबलासह ठेवावा, पावतीवर औषधाचें नांव व खेप-क्रमांक लिहून घ्यावा, आणि दवाखान्यांत दाखल होतांना डबा डॉक्टरांस दाखवून नांव केसपेपरावर चढवावें. बाधलेला मनुष्य मजूर असेल, तर हीं कामें मालकानेंच करावयाचीं आहेत. औषध त्यानें आणलेलें असतें, आणि पावतीही त्याच्याच घरीं असते.