मोटर न्यूरॉन आजार: औषधे घेताना घ्यायची काळजी आणि दुष्परिणाम कळवण्याची सोय

मोटर न्यूरॉन आजारात (एमएनडी) स्नायूंना हालचालीचे संदेश देणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होतात. एएलएस हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. पुढे गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायूही दुबळे होतात. त्यामुळे इतरांना साधी वाटणारी झोपेची गोळीसुद्धा या रुग्णाला धोक्याची ठरू शकते.

रिलुझोल घेत असाल तर

हे औषध आजार बरा करत नाही, त्याचा वेग थोडा कमी करते.

• नेहमीची मात्रा 50 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. गोळी जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा दोन तासांनंतर घ्यावी.
• यकृतावर परिणाम होऊ शकतो. पहिले तीन महिने दरमहा आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा रक्ततपासणी करून घ्या. डोळे किंवा लघवी पिवळी दिसल्यास लगेच दाखवा.
• ताप आल्यास डॉक्टरांना कळवा. क्वचित पांढऱ्या पेशी कमी होतात.
• कोरडा खोकला किंवा धाप नव्याने सुरू झाल्यास थांबू नका, तपासून घ्या.
• गोळी मनाने चुरून देऊ नका. चुरल्यास तोंड बधिर होऊन ठसका लागू शकतो. गिळणे जड जात असल्यास पर्याय विचारा.

इतर औषधांबाबत सावधगिरी

• झोपेच्या, चिंतेच्या आणि तीव्र वेदनांच्या काही औषधांनी श्वास मंदावतो. डॉक्टर ती कमी मात्रेत, लक्ष ठेवून देतात. दुकानातून परस्पर घेऊ नका.
• लाळ कमी करणाऱ्या औषधांनी कफ घट्ट होणे, बद्धकोष्ठता किंवा लघवी अडणे संभवते.
• स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे बॅक्लोफेन अचानक बंद करू नका.
• घरी ऑक्सिजन स्वतःहून सुरू करू नका. श्वासाचे स्नायू दुबळे असताना शरीरात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो.
• दात काढणे असो वा शस्त्रक्रिया, भूल देण्याआधी आजाराचे नाव सांगा. भुलीची काही औषधे या आजारात टाळावी लागतात.

सर्व औषधांची नावे व मात्रा एका कागदावर लिहून रुग्णाजवळ ठेवा. आयुर्वेदिक औषधे, काढे, पावडरी यांचीही नोंद करा. बोलता येत नसेल तेव्हा हा कागदच डॉक्टरांना माहिती देईल.

दुष्परिणाम कुठे कळवावा?

भारतीय औषधदक्षता कार्यक्रमात (पीव्हीपीआय) रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः तक्रार नोंदवू शकतात. दुष्परिणाम औषधानेच झाला, हे तुम्ही सिद्ध करण्याची गरज नाही; शंका पुरेशी आहे.

• निःशुल्क क्रमांक: 1800-180-3024 (कामकाजाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत).
• ग्राहकांसाठीचा अर्ज मराठीतही आहे. तो औषध दुष्परिणाम निरीक्षण केंद्रात देता येतो. अशी केंद्रे अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत.
• जवळ ठेवा: रुग्णाचे वय, औषधाचे नाव व मात्रा, औषध सुरू केल्याची तारीख, त्रास कधी व कसा सुरू झाला. गोळ्यांची पट्टी फेकू नका. त्यावरील बॅच क्रमांक उपयोगी पडतो.
• माहिती गोपनीय राहते.

लक्षात ठेवा: तक्रार नोंदवणे म्हणजे उपचार नव्हे. धाप वाढली, रुग्ण गुंगीत गेला किंवा ओठ निळसर झाले तर आधी 112 वर फोन करा किंवा रुग्णालय गाठा. एरवी कोणतेही औषध सुरू, बंद किंवा कमी-जास्त करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.