*हळदीच्या त्या सौद्याला कंपनीनं ‘नाही’ का म्हटलं?*



मागच्या आठवड्यात एक पार्टी ऑफिसला येऊन गेली, हे सगळ्यांना कळालंय. दोन कंटेनर हळद हवी होती, मोंढ्यातल्या भावापेक्षा क्विंटलला हजार रुपये जास्त देऊन. आपण होकार दिला नाही म्हणून बरेच फोन आले, दोन-तीन जण चिडून बोलले. हजार रुपये थोडे नाहीत, म्हणून कारण सविस्तर लिहितो. मेसेज लांब आहे, निवांत वाचा.

पार्टीची अट अशी होती: माल आपल्या कंपनीच्या निर्यात कोडवर, म्हणजे आयईसीवर जाणार. कागदावर दुबई, पण माल तिथून पुढं इराणला. पैसे माल पोचल्यावर.

हळद बाहेर पाठवायला आपल्या सरकारची बंदी नाही. आयईसी आणि स्पाइसेस बोर्डाची नोंदणी असली की पाठवता येते. अडचण आहे ती पैसे परत येण्याची.

*इराणचा अनुभव आपल्या सोयाबीननं घेतलेला आहे.* एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास डीओसी निघते. त्यामुळं लातूरच्या प्लँटचा रेट डीओसीच्या गिऱ्हाइकावर बराच अवलंबून असतो, आणि इराण हे त्यातलं मोठं गिऱ्हाईक होतं. भारत इराणकडून खनिज तेल घ्यायचा, त्याचे रुपये युको बँकेतल्या खात्यात जमा व्हायचे, त्याच खात्यातून आपल्या बासमती, चहा आणि डीओसीवाल्यांना पैसे मिळायचे. २०१८ मध्ये अमेरिकेनं इराणवर पुन्हा निर्बंध लावले. मे २०१९ पासून भारतानं तेल घेणं थांबवलं. खात्यात नवीन रुपये येईनात, आणि निर्यातदार इराणला माल पाठवायला कचरू लागले.

गंमत म्हणजे अन्नधान्य आणि औषधांना त्या निर्बंधातही सूट होती. पण बँका सूट बघत बसत नाहीत. डॉलरचा व्यवहार शेवटी अमेरिकेच्या बँकेतून फिरतो, त्यामुळं इराणचं नाव दिसलं की आपली बँकसुद्धा हात आखडते. माल जातो, पैसे अडकतात.

म्हणूनच कागदावर दुबई लिहायची युक्ती. शिपिंग बिलावर एक देश आणि माल जाणार दुसऱ्या देशात, हे कस्टम कायद्यात खोटं लिहून देणं झालं. माल जप्त होऊ शकतो, दंड होऊ शकतो. तो भरणार कोण? ज्याचा आयईसी आहे तो, म्हणजे आपण सगळे. आपल्या सातबाऱ्यावर दुसऱ्याला पीककर्ज काढू देतो का आपण?

काही जणांनी विचारलं, हळद आज मोकळी आहे तर पुढंही राहीलच ना? तशी खात्री धरू नका. कोणता माल मोकळा, कोणता परवान्यावर, कोणता बंद, हे दिल्लीचं विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी ठरवतं. गव्हावर १३ मे २०२२ ला बंदी आली ती त्याच दिवसापासून लागू. ज्यांच्याकडं बँकेचं पक्कं पतपत्र, म्हणजे एलसी आधीच आलेलं होतं, त्यांना माल पाठवता आला. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी. आणि आपली तूर? २००६ पासून डाळींची निर्यात बंद होती. २०१७ ला खरेदी केंद्रापुढं ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, हमीभाव ५०५० असताना बाहेर त्याच्या खाली विकावी लागली. मी तेव्हा डिप्लोमाला होतो, आमच्या घरचीही तूर त्याच रांगेत होती. तुरीची निर्यात खुली झाली सप्टेंबरमध्ये, तोवर बहुतेकांची विकून झाली होती.

उलट बाजूही सांगतो. ‘निर्यात बंद झाली’ असा फॉरवर्ड आला म्हणून घाईत माल काढू नका. खऱ्या आदेशाला नंबर आणि तारीख असते, तो डीजीएफटीच्या वेबसाइटवर असतो. नंबर नसेल तर आधी मला पाठवा, मी बघून सांगतो.

त्या पार्टीला आपण दुसरी ऑफर दिली आहे: माल तुमच्या स्वतःच्या कोडवर न्या, पैसे आपल्या गोदामात काटा झाल्यावर लगेच बँकेतून द्या. भाव तोच. अजून त्यांचा फोन आलेला नाही.

ज्यांनी सँपल म्हणून परस्पर कट्टे दिलेत, त्यांनी वजन आणि तारीख लिहिलेली पावती मागून घ्या. पावती नसेल तर सोमवारी ११ नंतर कलेक्शन सेंटरवर या, आपण मिळून पार्टीला फोन लावू.