बापू छत्रे आणि बोलणारे प्राणी

मित्रहो, नगरकरांपुढे आज आम्ही जडजड ग्रंथ उघडणार नाही. मराठी मुलांना इसप देणाऱ्या सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्याविषयी बोलणार आहोत. जन्म १७८८, मृत्यू १८३०. म्हणजे आयुष्य जेमतेम ४२ वर्षांचं.

इसप मराठीत पहिल्यांदा आला तो तंजावरला, सरफोजीराजांच्या आश्रयानं, १८०६ साली. पुढे मुंबईत शाळापुस्तकं तयार करणाऱ्या मंडळीचं काम करताना छत्र्यांनी ‘इसपनीतिकथा’ सिद्ध केली. ती १८२८ साली निघाली. ‘बाळमित्र’चा पहिला भागही त्याच वर्षीचा.

पण प्राणी बोलतात कशासाठी? केवळ गंमत म्हणून? रोमन कवी फीड्रस सांगतो की गुलामाला मनातलं उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून त्यानं ते प्राण्यांच्या तोंडी घातलं. इसपही गुलामच होता, असं परंपरा मानते. सॉक्रेटिसानं तुरुंगातल्या शेवटच्या दिवसांत इसपाच्याच कथा पद्यात रचल्या, असं प्लेटो लिहितो.

पारनेर तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही लांडगा आणि कोकराची गोष्ट सांगितली. तात्पर्य सांगणार, तोच एक मुलगी उठली. “सर, कोकरू खरं बोललं, तरी लांडग्यानं खाल्लंच ना? मग बोलून काय उपयोग?”

तेव्हा आम्ही गप्प झालो, बरं का! उत्तर घरी परतताना सुचलं. कोकरू बोललं नसतं, तर लांडग्याचा खोटेपणा आपल्याला कळलाच नसता. म्हणून गोष्ट सांगा, आणि तात्पर्याची घाई करू नका. आधी मुलांना विचारू द्या.